लिमयेकाकांचा शिक्का

लिमयेकाका माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "आपण आजारी आहात का?"

कोथरूडच्या त्या सोसायटीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. पाण्याचा पंप लावायची पाळी आमच्याकडे आली होती, म्हणून मी सकाळी खाली उतरलो होतो. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि नाडीचं एक टोक मोकळ्या हवेत. समोरून एक गृहस्थ आले. पांढराशुभ्र शर्ट, मनगटाची बटणंसुद्धा लावलेली, राखाडी पँट, पट्टा, आणि काळे बूट असे चकचकीत की त्यांत मला माझी नाडी दिसली. हातात दुधाच्या पिशव्या. मला वाटलं, हे कुणाच्या तरी लग्नाला निघालेत आणि वाटेत दूध मिळालं.

"नाही," मी म्हणालो. "बरा आहे मी."

"मग पाहुणे असाल. प्रवासात सामान हरवलं का?"

"नाही हो. मी आपटे. ए विंगला तळमजल्यावर राहायला आलोय."

"अस्सं." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घेतलं, नाडीपाशी जरा थांबले, "फेरतपासणी," एवढंच म्हणाले आणि बी विंगचा जिना चढून गेले.

या शब्दाचा उलगडा मला पुढे झाला. लिमयेकाका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. काटा बरोबर असेल तर शिक्का, थोडा डळमळत असेल तर फेरतपासणी, आणि खोटा असेल तर जप्त. निवृत्त झाल्यावर खात्याने त्यांचे शिक्के काढून घेतले, पण सवय काढून घ्यायची राहिली. तराजू गेले, माणसं उरली.

सोसायटीच्या मोठ्या फाटकाशी सिमेंटचं एक बाकडं होतं. दुपारचा चहा झाला की काका तिथे येऊन बसत आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कोथरूडची तपासणी सुरू होई. चेहऱ्याकडे ते बघत नसत. "चेहरा देवाने दिलेला असतो आपटे, त्याची जबाबदारी माणसावर नाही. शर्ट स्वतः निवडलेला असतो."

मी त्यांच्या शेजारी बसू लागलो याला कारण आमची कंपनी. नवं वारं वाहू लागलं तसं कंपनीने स्वेच्छानिवृत्ती नावाची एक सक्तीची योजना काढली आणि मी ऐन उमेदीत घरी आलो. घरी विद्या, म्हणजे आमची सौभाग्यवती, दुपारी मला दळणापासून पंख्याच्या पात्यांपर्यंत नाना कामं सुचवी. बाकडं त्या मानाने सुरक्षित होतं. अट एकच होती, पायजमा बदलून यायचं.

काकांच्या मते उंबरठ्यापलीकडचं सगळं जग सार्वजनिक ठिकाण होतं. जिनासुद्धा. गॅलरीला त्यांनी अर्धसार्वजनिक असा दर्जा दिला होता. तिथे बनियन चाले, पण उभं राहायचं नाही, बसायचं, म्हणजे कठडा आड येतो. कचऱ्याची बादली खाली ठेवायलाही ते पट्टा लावून येत. आमच्या घंटागाडीवाल्याला बरेच दिवस वाटत होतं की हे महापालिकेचे साहेब आहेत आणि आपल्यावर नजर ठेवायला येतात.

त्यांचे निकाल छोटे असत. खिशाला पेनांची रांग लावलेला कुणी गेला की, "एकही चालत नसणार." बसथांब्यावर एक तरुण उभा होता, त्याच्या छातीवर इंग्रजीत 'मी जन्मतःच विजेता' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं. काकांनी ते नीट वाचलं. "केव्हाचा उभाय बिचारा. बसला कळवायला हवं." मग संगणकवाली पोरं आली. ओळखपत्र गळ्यात अडकवून भाजी घ्यायला जाणारी. "हे बरंय," काका म्हणाले. "हरवला तर कुठे परत करायचा ते लिहिलेलं असतं."

पण याच पोरांनी काकांचा तराजू बिघडवला.

एके दिवशी फाटकाशी एक तरुण आला. निळा टाय, कडक इस्त्री, हातात काळी पेटी. काका उठून उभे राहिले. मी त्यांना कुणासाठी उठताना पहिल्यांदाच पाहिलं. "या. कुणाकडे? थांबा, आधी चहा घ्या." म्हणून ते त्याला घेऊन स्वतः वर गेले. त्यांच्या मागोमाग तीन चतुर्थांश पँट आणि रबरी सपाता घातलेला दुसरा एक मुलगा फाटकातून आत शिरला. काका जिन्यातूनच ओरडले, "केबलवाला ना? गच्चीवर जा. कालपासून बी विंगचं चित्र हलतंय."

तो "बरं काका" म्हणाला आणि गच्चीवर गेला.

वरच्या घरात काय झालं ते लिमयेकाकूंनी नंतर पदराने डोळे पुसत पुसत सांगितलं. हसून हसून डोळ्यांत पाणी येत होतं. टायवाला धूळ ओढायचं यंत्र विकायला आला होता. त्याने पेटी उघडली, लिमयांच्या सोफ्यावरून नळी फिरवली आणि निघालेला ढीग वर्तमानपत्रावर काकांच्या पुढ्यात ओतला. काका त्या ढिगाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ही धूळ आमची नव्हे. आपण सोबत आणली असणार."

इकडे गच्चीवरचा मुलगा हात झटकत खाली आला. "झालं काका. वायर निघाली होती."

"किती द्यायचे?" काका घुश्शातच होते.

"काही नाही ना. तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने आहे म्हणतात, तो पाहायचा होता. मी पंकज वानखडे. अमरावतीचा. हिंजवडीले कॉम्प्युटर इंजिनियर आहो."

"मग गच्चीवर कशाला गेलास?"

"आता तुम्ही म्हणून राहिले होते जा, तर गेलो."

काकांनी त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं, सपातांकडे पाहिलं. "आणि टाय?"

"आमच्याकडे नाही लागत काका. जो टाय लावून येते ना, त्याचा त्या दिवशी दुसरीकडे इंटरव्ह्यू असते, असंच समजतात."

त्या संध्याकाळी काका बाकड्यावर आले, पण रस्त्याकडे पाठ करून बसले. शेवटी म्हणाले, "आपटे, काटा घेऊन मी बसलोय, आणि हे लोक वजन लिटरमध्ये सांगतायत."

तरीही ते सावरले असते. पण त्याच सुमाराला पुण्याच्या पोरींनी तोंडं बांधायला सुरुवात केली. दुचाकीवर बसायचं, डोक्याला आणि चेहऱ्याला असा स्कार्फ गुंडाळायचा की फक्त गॉगल उरावा, वर लांब बाह्यांचा पांढरा सनकोट, हातमोजे, पायमोजे. ऊन, धूर आणि ओळखीची माणसं, तिन्हींपासून संरक्षण. काका हवालदिल झाले. "दरोडा घालायला निघाल्यात का बँकेवर? आता मी बघायचं काय?" चार दिवसांनी त्यांनी मार्गही काढला. "बसणं बघायचं आणि पाय बघायचे. बसण्यात आणि पादत्राणात माणूस लपत नाही. मला कुणी फसवून दाखवावं!"

आता इथे लिमयेकाकूंविषयी सांगायला हवं. सुलभाकाकू संस्कृतच्या एम.ए. होत्या. लग्नानंतर त्या संस्कृतचा उपयोग गणपतीतल्या मंत्रपुष्पांजलीत इतरांचे उच्चार सुधारण्यापुरता उरला होता. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला, घर रिकामं झालं, आणि कर्वेनगरच्या एका क्लासने त्यांना दहावीच्या मुलांना शिकवायला बोलावलं. काकू पुन्हा मुलीसारख्या दिसायला लागल्या. काकांनी नाही म्हटलं नाही. फक्त म्हणाले, "अवश्य शिकव. सार्वजनिक ठिकाण आहे. साडी, पदर पिन लावलेला, आणि बस."

साडी आली, पिन आली, बस काही आली नाही. आली तरी थांबली नाही, आणि रिक्षावाल्यांना कर्वेनगर हे नाव ऐकताच जेवायची आठवण होई. काकू रोज उशिरा पोचू लागल्या. क्लासचे मालक सज्जन, पण एकदा म्हणाले, "मॅडम, मुलं बसून राहतात हो. असंच राहिलं तर दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

त्या दिवशी काकू आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. रडल्या नाहीत. फक्त विद्याला म्हणाल्या, "तुझी स्कूटी दुपारी नुसती उभीच असते ना गं?"

पुढचे काही आठवडे या दोघी रोज सकाळी 'भाजी आणायला' कर्वेनगरच्या नदीकाठच्या मोकळ्या रस्त्यावर जात होत्या. भाजी कमी येई, खरचटणं जास्त. आणि मग एके दुपारी आमचं घर नाटकाची ग्रीनरूम झालं. काकू साडी नेसून, पदराला पिन लावून घरून निघायच्या. कर्वेनगरच्या बसचा थांबा मागच्या छोट्या फाटकाशी होता, त्यामुळे त्या पुढे दिसल्या नाहीत याचं काकांना काही वाटत नसे. बसथांब्याऐवजी काकू आमच्याकडे शिरायच्या. पडदे लागायचे. साडी विद्याच्या कपाटात, अंगात पंजाबी ड्रेस, वर सनकोट, स्कार्फ, गॉगल. मंगळसूत्र कोटाच्या आत, जोडवी मोज्यांच्या आत. आणि मग पुढच्या फाटकातून, थेट नवऱ्याच्या नाकासमोरून, सुलभाकाकू क्लासला जायच्या.

पडदे उघडले की गाडीआधी बाहेर येऊन बाकड्यावर काकांच्या शेजारी बसायची कामगिरी माझ्यावर होती. "तुम्ही काही करू नका," विद्याने बजावलं होतं, "नुसते निर्विकार बसा. ते तुम्हाला जमतं."

पहिल्या दिवशी गाडी फाटकातून बाहेर पडली. काकांनी चष्मा वर सरकवला. गाडी थांबली, दोन्ही बाजूंना पाहिलं, उजवा हात बाहेर काढला आणि वळली.

"आपटे," काका म्हणाले. "पाहिलंत?"

"क-काय?"

"हात दाखवला. पुण्यात! आणि पाठ बघा कशी ताठ. दुपट्ट्याला गाठ मारलेली, वाऱ्यावर सोडलेला नाही. चांगल्या घरातली मुलगी आहे. शिक्का मारायला हरकत नाही."

काकू परतल्यावर विद्याने मला स्वयंपाकघरात उभं करून हे सगळं म्हणायला लावलं. काकू एक पायमोजा काढून हातात घेऊन बसल्या होत्या. "शब्द काय होते नेमके?"

"पाठ ताठ, म्हणाले."

"मला म्हणतात, वाकून चालतेस." त्यांनी दुसरा मोजा काढला. "आणि 'मुलगी' म्हणाले?"

"मुलगी म्हणाले."

दुसऱ्या दिवशी त्यांचा दुपट्टा नवा होता, हिरवा.

आणि मग एक अजब संसार सुरू झाला. काका बाकड्यावरून निकाल द्यायचे, मी तो आत पोचवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याची अंमलबजावणी व्हायची. "हिरवा शोभतो हिला," काका म्हणाले की आठवडाभर हिरवा. "एक खटकतं, गाडीवर चप्पल घालते. बंद बूट हवेत." दुसऱ्याच दिवशी बंद काळे बूट. काका बाकड्यावरून अर्धे उठले. "आपटे! सुधारणा! मनात आणलं आणि झालं! याला म्हणतात वळण." एकदा ते घरी जेवताना काकूंनाच म्हणाले म्हणे, "एक मुलगी रोज फाटकातून जाते. तू एकदा बघायला हवीस तिला. शिकण्यासारखं आहे." काकूंना ठसका लागला. काकांनी पाणी दिलं.

विद्याला वाटत होतं, हे असंच चालू राहावं. मला वाटत होतं, पकडलो जाणार. काकूंना काय वाटत होतं ते त्यांनी एकदाच बोलून दाखवलं. गॉगल पुसता पुसता म्हणाल्या, "कळलं तर क्लास जाईल गं. आणि मग माझ्याबद्दल इतकं चांगलं कोण बोलेल?"

मग काकांच्या डोक्यात पुतण्या आला. पुतण्या अमेरिकेत होता, संगणकातच, आणि लग्नाचा होता. "ही मुलगी, आपटे. पंचविशीची असेल. तुमच्या विंगमध्येच कुणाकडे तरी येते. चौकशी करा."

"लग्न झालेलं असेल हो तिचं," मी घाईघाईने म्हणालो.

"छे! इतकी वेळेवर निघते. लग्न झालेल्या बाईला घरातून वेळेवर निघता येतं का?"

हे आत सांगितलं तेव्हा काकूंनी फक्त "पंचविशीची?" एवढंच दोनदा विचारलं. पुतण्याचं कुणालाच गांभीर्य वाटलं नाही. चूक झाली. वजनमापे खात्याचा माणूस चौकशी दुसऱ्यावर सोपवून स्वस्थ बसत नसतो.

दुसऱ्या दिवशी गाडी फाटकाबाहेर आली आणि काका उठले. शर्ट सारखा केला, रस्त्यात जाऊन उभे राहिले आणि हात वर केला, पूर्वी मालाचा ट्रक अडवायचे तसा. गाडी थांबली. उत्तम थांबली, डावा पाय खाली, पाठ ताठ.

"क्षमा करा हं," काका अदबीने म्हणाले. "आपल्याला मी रोज पाहतो. गैरसमज नसावा. आपलं आडनाव कळेल का?"

गॉगल हलला नाही. मागे एक मोटारसायकलवाला खोळंबला होता, तो ओरडला, "ओ आजोबा, कांदेपोहे घरी करा ना! रस्त्यात काय?"

"तुम्ही थांबा हो," काकांनी त्याला दटावलं आणि पुन्हा वळले. "आडनाव?"

स्कार्फच्या आतून आवाज आला, "लिमये."

"अरे वा! म्हणजे आमच्यातल्याच. कुठले लिमये?"

"बी विंग. दुसरा मजला."

मोटारसायकलवाला बाजूने निघून गेला. काका तसेच उभे. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलं, म्हणजे गॉगलकडे. मग हिरव्या दुपट्ट्याची गाठ, कोट, हातमोजे, बंद काळे बूट. सगळं पाहिलं, क्रमाने, घाई न करता. अख्खा जन्म तराजू पाहिलेल्या माणसाने स्वतःच्या घरातला तराजू पहिल्यांदा पाहावा तसं. मी बाकड्याची कड धरून बसलो होतो.

काकूंनी गॉगल वर केला. "जाऊ ना? मुलं थांबलीत. धातुरूपं घ्यायचीत."

काकांनी घसा साफ केला. "मागच्या चाकात हवा कमी आहे," ते म्हणाले. "वाटेत भरून घे."

आणि बाजूला झाले. गाडी गेली. वळताना उजवा हात बाहेर आला.

काका येऊन माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं."

मी निर्विकार बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"तरीच," काका म्हणाले. "दुपारचे तुमच्या घराचे पडदे लागायचे. मी तुम्हा उभयतांविषयी वेगळीच कल्पना करून घेतली होती. मनातल्या मनात तुमचा दर्जा वाढवलाही होता. आता पुन्हा फेरतपासणी."

त्या संध्याकाळी काकू आमच्याकडे साडी बदलायला थांबल्या नाहीत. "आता काय लपवायचंय?" म्हणाल्या आणि पंजाबी ड्रेसमध्ये, हातात स्कार्फ धरून बी विंगचा जिना चढल्या. विद्या खिडकीत उभी राहून ऐकत होती. भांड्यांचा आवाज नाही, बोलण्याचा नाही. रात्रभर आमच्याच घरात कुणाला धड झोप लागली नाही.

सकाळी काकू साडी न्यायला आल्या. विद्याने दारातच विचारलं, "काय म्हणाले?"

"एक अक्षर नाही."

"मग? क्लास?"

"अगं, उठले आणि दार उघडलं, तर बाहेर त्यांच्या बुटांशेजारी माझे बूट. पॉलिश केलेले." काकू हसल्या. "तो माणूस कुणाच्या बुटांना हात लावत नाही. मुलाच्या मुंजीत मुलाच्यासुद्धा लावला नव्हता."

मंडळी, शिक्का असाही मारता येतो.

काका त्यानंतर काही दिवस बाकड्यावर फिरकले नाहीत. आले तेव्हा त्यांचे निकाल पूर्वीसारखेच होते, फक्त अधूनमधून, स्कार्फवाली कुणी गेली की ते निकाल देता देता थांबत. "असेल कुणाची तरी," म्हणत आणि पुढच्या माणसाच्या पेनांकडे वळत. काकूंनी पुढे स्वतःची गाडी घेतली. रंग काकांनी निवडला, राखाडी. पुतण्याने अमेरिकेतच परस्पर जमवलं. फोटो आला, लग्नात तो अर्ध्या चड्डीत होता. काकांनी फोटो पालथा घालून ठेवला.

आम्ही ती सोसायटी सोडली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. टेंपोत सामान चढवत होतो. मी फाटकाशी उभा होतो. अंगात बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, डोक्यात सगळ्या घराची धूळ. निरोप घ्यायला वर जाऊन आलो होतो, तर लिमयांच्या दाराला कुलूप. विद्या हळहळली.

तेवढ्यात वळणावरून राखाडी गाडी आली. पुढे काकू, स्कार्फ, गॉगल, पाठ ताठ. मागे एक पुरुष बसला होता. पांढराशुभ्र शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, पट्टा, आणि ऊन परतवून लावणारे काळे बूट. त्याचा चेहरा मात्र दिसत नव्हता. तो हिरव्या दुपट्ट्यात गच्च गुंडाळलेला होता, बायकोच्या मागे बसलेलं कोथरूडात कुणी ओळखू नये म्हणून.

गाडी माझ्याजवळ येऊन हळू झाली. हिरव्या गाठोड्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाडीपाशी थांबलं.

"आपण," आतून आवाज आला, "आजारी आहात का?"